बंबातले साहेब

"घागर पुढे, कढई मागे, मधे दोन बंब," आई म्हणाली. "आणि तू तो हात काढ बघू. तुझा हात आत्ता नदीत आहे."

मी हात उचलला. जेवणाच्या टेबलावर आईची निळी ओढणी आडवी पसरली होती, ती नदी. तिच्यावर ठेवलेलं इवलंसं लाटणं म्हणजे पूल. टेबलाच्या एका टोकाला तवा, तो विमानतळ. दुसऱ्या टोकाला चूल, तो राजवाडा. आणि तव्यापासून चुलीपर्यंत माझी तुळशीबागेतली पितळी भातुकली रांगेत निघाली होती, घागर, परात, पातेलं, रोवळी असं करत करत एकूण बारा नग.

"साहेब कशात?" मी विचारलं.

"बंबात."

"कुठल्या? बंब दोन आहेत."

"म्हणूनच तर दोन आहेत," आई म्हणाली आणि पुढचा बंब बोटाने पुलावर ढकलला. "पुलावर नव्वद सेकंद. नव्वदच्या वर गेलं की मला घाम फुटतो."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी आठवीत होते आणि आई एका देशात आपल्या वकिलातीत अधिकारी होती. कुठल्या देशात ते मी लिहिणार नाही, तसं आईला वचन दिलंय. आशियात आहे, नदी आहे, हिवाळ्यात नाक गळतं, एवढं पुरे. बाबा वसईत त्यांच्या दवाखान्यात लोकांचे दात काढत होते आणि आम्ही दोघी तिकडे, सहाव्या मजल्यावर. आपल्याकडचे एक फार मोठे नेते त्या गुरुवारी येणार होते. तीन महिने आई तेच करत होती: कुणी कुणाला कुठे भेटायचं, कुणाच्या शेजारी कोण बसणार, कुठलं वाक्य आधी बोलायचं आणि कुठलं कराराच्या सह्या झाल्याशिवाय बोलायचंच नाही. त्या देशाशी आपलं चार वर्षं नीट बोलणं नव्हतं. आई म्हणायची, एवढ्या वर्षांनी दार किलकिलं झालंय, बोट चेमटायला नको.

रस्त्यांचं कामही तिच्याकडेच होतं, कारण त्या शहराचे रस्ते तिच्याइतके कुणाला पाठ नव्हते. नियम असा की ताफ्याचा रस्ता कागदावर काढायचा नाही, संगणकात ठेवायचा नाही, नकाशावर पेन्सिलसुद्धा लावायची नाही. आई नियम मोडत नाही. पण तिला डोळ्यांसमोर मांडल्याशिवाय काही सुचतही नाही. मग एका रविवारी ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "तन्मयी, तुझी भातुकली दे गं जरा." मी म्हटलं, आई, तुझं वय काय!

आता त्या रविवारबद्दल सांगते. आईचा फोन वाजला. दिल्लीचा होता, म्हणून ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी आणि बारा भांडी एकटे उरलो.

आज मी दहावीत आहे, वक्तृत्वात तालुक्यात पहिली आलेय, आणि मला गप्प बसवायला दोन बाई लागतात. तेव्हा तशी नव्हते. त्या शाळेत मी सात महिने होते आणि वर्गात माझं नाव कुणाला नीट म्हणता येत नव्हतं. डब्यात काय आहे विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जायचे. मला एकच मैत्रीण होती, तिथलीच. तिला इथे चिमणी म्हणते. आम्ही इंग्रजीत बोलायचो, मी मराठीत लिहितेय.

तर मी फोन काढला आणि व्हिडिओ घेतला. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने घागर ढकलतेय, पों पों करत इंग्रजीत ओरडतेय. "बाजूला व्हा, बाजूला व्हा! साहेब बंबात बसलेत! पुलावर फक्त नव्वद सेकंद, नाहीतर आईला घाम फुटेल!" आणि मी एवढी हसले की कॅमेरा हलला आणि सगळं टेबल दिसलं, तव्यापासून चुलीपर्यंत. खाली लिहिलं, 'माझ्या आईचं ऑफिस', आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकून दिला.

पाच मिनिटांत अकरा जण हसले. एक मुलगी म्हणाली, तू इतकी विनोदी आहेस हे माहीतच नव्हतं. मी सोफ्यावर उताणी पडून ते वाक्य परत परत वाचलं. आई आतून आली, भांडी टोपलीत भरली, ओढणीची घडी केली आणि म्हणाली, "काय गं, एकटीच हसतेस?"

"काही नाही, शाळेचं," मी म्हणाले.

चार वाजता चिमणीचा निरोप आला. "अगं, ही तर आपली नदी! छोटा पूल आहे ना तो? तुझी किटली आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळतेय. गुरुवारी कुणीतरी येणार आहे ना तुमचं? आमच्या घरासमोरून जाणार?"



मी लगेच तो व्हिडिओ काढून टाकला, सगळ्यांसाठी. पण त्याआधी तो एकोणीस जणांनी पाहिला होता. मी एकेक नाव तपासत गेले. अठरा वर्गातली. एकोणिसावा नुसता नंबर, फोटो नाही, नाव नाही. शनिवारी ग्रुपमध्ये आला होता. कुणी घेतला ते दिसत नव्हतं.

"चिमणे, हा नंबर कुणाचा?" मी विचारलं.

"माहीत नाही. तुझ्या ओळखीचा असेल असं मला वाटलं."

त्या संध्याकाळी आईने आमटी केली होती आणि मी ती नुसती चमच्याने ढवळत होते. "ताप आहे का?" म्हणत तिने कपाळाला हात लावला. तिच्या हाताला ओल्या कोथिंबिरीचा वास होता. मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. मग ती म्हणाली, "गुरुवार एकदा नीट पार पडू दे, मग आपण दोघी दोन दिवस नुसत्या झोपू." आणि मी म्हणाले, "हो."

सोमवारी वर्गात मी प्रत्येकाला विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. एक मुलगा म्हणाला, असेल कुणाचातरी भाऊ. मधल्या सुट्टीत मी त्या नंबराकडे बघत बसले होते आणि तो एकदम 'ऑनलाइन' दिसायला लागला. मी फोन दप्तरात पार तळाशी कोंबला. जणू दप्तरातून तो मला चावणार होता.

शाळा सुटल्यावर वकिलातीची गाडी मला आईच्या ऑफिसला सोडायची. पाच वाजता मोठ्या खोलीत रोजची बैठक असायची आणि तिची सुरुवात आईच करून द्यायची. कुणी नवा आला की तो चक्रावायचाच, कारण ती सुरुवात चुकांच्या फेरीने व्हायची. गोल बसलेल्या प्रत्येकाने आज आपलं काय चुकलं ते उभं राहून सांगायचं. कारण सांगायचं नाही, माफी मागायची नाही, नुसती चूक. ती दुरुस्त कोण करणार ते ठरलं की खाली बसायचं. आईचं म्हणणं, चूक लपली की ती नेमकी पाहुण्यांसमोर बाहेर येते.

मी बाहेर बाकावर बसले होते. दार अर्धं उघडं होतं.

"मी आपल्या राष्ट्रगीताची फीत पाठवली, ती शाळेच्या बँडची निघाली," एक आवाज आला. "मधेच एक मुलगा शिंकतो."

खोलीत हशा पिकला. "उद्या सकाळी नवी," आई म्हणाली. "पुढे."

"जेवणाच्या टेबलावर त्यांच्या दोन मंत्र्यांना शेजारी बसवलं होतं. त्यांचं एकमेकांशी पटत नाही म्हणे."

"मधे मला बसव. मी दोघांशी भांडेन. पुढे."

पुन्हा हशा. मग एक जाड, सावकाश आवाज आला. "आमच्या पथकाची एक गाडी आज सरावात छोट्या पुलावर बंद पडली. दोन मिनिटं ताफा उभा. ही चूक माझी."

ते भोईटेसाहेब. दिल्लीहून सुरक्षेसाठी आलेल्या तुकडीचे प्रमुख, मूळचे फलटणचे. केस पांढरे, मिशा काळ्या. ते आले की माणसं शर्टाची बटणं तपासायची.

"दोन मिनिटं त्या पुलावर म्हणजे फार झाली, साहेब," आई म्हणाली. आता तिच्या आवाजात हसू नव्हतं. "दोन्ही बाजूंनी उंच इमारती, मागे वळायला जागा नाही. तिथे कुणी वाट बघत असलं तर..."

"म्हणून तर सांगतोय."

तिथे कुणी वाट बघत असलं तर. आईने वाक्य पूर्ण केलं नाही. माझ्या डोक्यात ते एकदम पूर्ण झालं. तो पूल. ते नव्वद सेकंद. मी ते मोठ्याने, हसत, कॅमेऱ्यात सांगितलं होतं.

मी उठले. दार ढकललं. सगळे बघायला लागले.

"आई, जरा बाहेर येतेस?"

"तन्मयी, पाच मिनिटं."

"आई, आत्ता."

पाण्याच्या यंत्रापाशी मी तिला सगळं सांगितलं.  माझं संपल्यावर तिने तीनच प्रश्न विचारले.

"पूल दिसतो?"

"हो."

"दोन्ही बंब?"

"हो. आणि... नव्वद सेकंद बोललेय मी."

"किती वाजता टाकलास?"

"काल दुपारी. दोनच्या सुमारास."

तिने डोळे मिटले. मनात काहीतरी मोजलं. मग हात पुढे केला. "फोन दे. उघडून दे." मी दिला. तो घेऊन ती आत गेली आणि मी तिच्या मागे दारापर्यंत.

"माझी एक चूक राहिली सांगायची," आई उभ्यानेच म्हणाली. "मी घरी टेबलावर रस्ता मांडत होते. न झाकता उठले. काल दुपारी तो बाहेर गेला. वेळेसकट. एकोणीस जणांनी पाहिलाय, त्यातला एक कोण ते माहीत नाही."



"टेबलावर म्हणजे?" भोईटेसाहेबांनी विचारलं. "कागदावर?"

"भातुकलीने."

आधीच्यासारखं कुणी हसेल असं मला वाटलं. कुणीही हसलं नाही.

"फोन कुणाचा आहे हा?"

"घरातला."

"टाकलं कुणी?"

"माझ्या टेबलावरून गेलं, साहेब. जबाबदार मी."

भोईटेसाहेबांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे. एक वाक्य बोलायचं होतं मला, दोन शब्दांचं. 'मी टाकलं.' माझं तोंड उघडलं होतं हे मला आठवतं. मग मी माझ्या बुटांकडे पाहिलं. डाव्या बुटाची नाडी सुटली होती. मी तिच्याकडे बघत राहिले, बघतच राहिले, तोवर त्यांनी मान फिरवली.

"वर्तकमॅडम," ते म्हणाले, "उद्यापासून या कामावर तुम्ही येऊ नका."

आईने गळ्यातला पास काढून टेबलावर ठेवला. फीत गुंडाळून, नीट. "जेवणाच्या टेबलाचं देशपांड्यांना माहीत आहे. दुभाष्याला घशाचा त्रास आहे, त्याला गरम पाणी लागतं," एवढं सांगून ती बाहेर आली आणि म्हणाली, "चल."

 गाडीत ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी दिवेलागणीला भोईटेसाहेब स्वतः घरी आले. बूट दाराबाहेर काढले. आईने चहा टाकला, मला म्हणाली, "खोलीत जा." अर्धा तास दोघं बोलत होते. भिंतीला कान लावूनही मला फक्त कपबशीचा आवाज ऐकू आला. ते गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"चहात साखर कमी आहे म्हणाले."

"आई, सांग ना! आता त्यांना धोका आहे का? त्या पाहुण्यांना?"

"ते आता माझं काम नाही," ती म्हणाली आणि कपडे घड्या करायला बसली. तीन महिन्यांचे न घडी केलेले कपडे होते. सगळे घड्या केले तिने. मोजेसुद्धा.

मंगळवारी शाळेतून मी ड्रायव्हरला सांगून परत ऑफिसलाच गेले. भोईटेसाहेब एका छोट्या खोलीत बिस्किट चहात बुडवत बसले होते.

"ये," ते म्हणाले. "बस."

मी बसले नाही. "व्हिडिओ मी काढला. टाकलाही मीच. आई आतल्या खोलीत होती, तिला काहीच माहीत नव्हतं."

"मला माहीत आहे."

"आईने सांगितलं?"

"ती कशाला सांगेल? मी पाहिला तो. त्यात तू इतकी हसतेस, की मला माझी नात आठवली." त्यांनी बिस्किट तोंडात टाकलं. "मला वाटलं होतं, कालच बोलशील."

"भीती वाटली."

"कुणाची? माझी?"

"नाही. म्हणजे, तुमचीही. पण मी बोलले तर आईला काढून टाकतील, असं वाटलं."

"काढलंच की."

त्यांनी ते रागाने म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. मी म्हणाले, "मग आता माझं नाव लिहा. तिचं खोडा."

"असं गणित नसतं, पोरी. टेबल तिचं होतं. तुझं नाव लिहून तिची चूक पुसली जात नाही, आणि ते तुझ्यापेक्षा तिला चांगलं कळतं. तिने कारण सांगितलं नाही, माफी मागितली नाही. नुसती चूक सांगितली. पस्तीस वर्षांत असं सांगणारी माणसं मी मोजकीच पाहिली. अशा माणसाने सांगितलेल्या रस्त्यावरून मी डोळे मिटून गाडी घालतो."

शेवटच्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी एवढंच विचारलं, "तो नंबर कुणाचा होता?"

त्यांनी कप खाली ठेवला. "घरी जा. आई वाट बघत असेल."

तो नंबर कुणाचा होता हे मला आजही माहीत नाही. एखाद्याच्या आजीचा असेल. नसेलही. या 'नसेलही'ने मला पुढे कित्येक महिने घाम फोडलाय. आईची पुढच्या देशातली नेमणूक ठरलेली होती, ती झाली नाही. आम्ही दिल्लीला परतलो, तिला एका कोपऱ्यातल्या टेबलावर फायली लावायचं काम मिळालं, आणि मी वसईला बाबांकडे आले. पण ते सगळं नंतरचं. आधी गुरुवार यायचा होता.

गुरुवारी शाळांना सुट्टी होती. पाहुण्यांना फुलं देणाऱ्या मुलांच्या यादीत माझं नाव होतं, ते आता अर्थातच गेलं होतं. सकाळी नऊ वाजता बेल वाजली. दारात तिथला पोलीस. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, दुपारी बारापर्यंत बाल्कनीत कुणी यायचं नाही, असं सांगून तो वरच्या मजल्यावर गेला.

मी आईकडे पाहिलं. ती आधीच पडदे ओढत होती.

"आई? आपल्या रस्त्यावरून?"

"हळू बोल."

"त्या दिवशी भोईटेसाहेब आले होते ते... तू सांगितलास हा रस्ता?"

तिने शेवटचा पडदा ओढला. खोली अंधारी झाली. "त्यांनी विचारलं, या शहरातली कुठली वाट तुम्हाला सगळ्यात जास्त माहीत आहे. मी म्हटलं, माझ्या घराखालची. समोर तिसऱ्या मजल्यावर आजारी बाई आहेत, त्यांची नर्स साडेनऊला येते. कोपऱ्यावरच्या बेकरीचा ट्रक सातला जातो तो परत येत नाही. पिवळ्या इमारतीच्या गच्चीचं कुलूप मोडलंय, तिथे माणूस ठेवा. एकेक खिडकी सांगितली."

"आणि काही झालं तर?"

"तर माझ्या घराखाली होईल."

 तिने मला भिंतीपाशी ओढलं, खिडकीपासून लांब. आम्ही दोघी पाठ टेकून उभ्या राहिलो. तिने माझा हात धरला होता. भिंतीवरचं घड्याळ दहा चाळीस दाखवत होतं. रस्त्यावर एकही आवाज नव्हता. त्या शहरात मी असा शांत रस्ता कधी ऐकला नव्हता, एक कुत्रासुद्धा भुंकत नव्हता.

मग लांबून, एखादी चादर फाडावी तसा, टायरांचा आवाज आला.

"एक," आई पुटपुटली. "दोन."

खाली गाड्या जात होत्या. वेगाने, एकसारख्या. मी डोळे घट्ट मिटले.

"पाच. सहा." सहाव्या आणि सातव्या गाडीचा आवाज जड होता, त्या दोन सारख्या गाड्या, म्हणजे टेबलावरचे दोन बंब.   "सात. आठ. नऊ. दहा. अकरा."

आणि मग काहीच नाही.

मी डोळे उघडले. आई समोरच्या बंद पडद्याकडे बघत होती. ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मी घड्याळाकडे पाहिलं. तीन सेकंद. पाच. खाली कुणीतरी शिट्टी वाजवली. आठ. वॉकीटॉकीची खरखर. तिच्या मनात त्या क्षणी काय काय झालं असेल ते मला विचारायचं धाडस अजून झालेलं नाही, आणि मी आता धीट आहे म्हणतात. दहा.

टायर घासल्याचा आवाज आला आणि शेवटची गाडी खालून निघून गेली.

"बारा," आई म्हणाली.

ती तशीच भिंतीला घासत खाली बसली, फरशीवर, आणि मीही तिच्यासोबत खाली आले, कारण तिने माझा हात सोडलाच नव्हता. आता तिने तो सोडला आणि पाहिलं. माझ्या तळव्यावर तिच्या चार नखांच्या चार खुणा उमटल्या होत्या. एकीतून रक्त आलं होतं.

"अगं!" ती म्हणाली. "दुखतंय हे सांगायचं नाही का?"

"तू मोजत होतीस ना," मी म्हणाले.